रामरामवाला

दिवाळी झाली की घाटंजीजवळचा आमचा तांडा निम्मा रिकामा होतो. लोक ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं लागतात आणि माझ्या किराणा दुकानात माश्याच तेवढ्या येतात. यंदा हंसाबाईही मागं राहिली, गुडघ्यांनी दगा दिला. तिचा मुलगा बादल ट्रकवर चढला तेव्हा एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात दोर. राम राम करायला हात मोकळा नव्हता. म्हातारीनं तेच मनात धरलं.

"जाताना हात बी नाही जोडले त्यानं," ती मला म्हणाली. तेव्हापासून त्याचा फोन वाजायचा आणि ती वाजू द्यायची. हट्टी बाई!

मग तुरीवर तिला तो हिरवा किडा सापडला. शिकलेली माणसं त्याला प्रार्थना कीटक म्हणतात, कारण पुढचे दोन पाय कायम जोडलेले. तिनं माझ्याकडून बिस्किटांची रिकामी बरणी नेली, आत तुरीची काडी उभी केली, तोंडाला फडकं बांधलं. नाव ठेवलं रामरामवाला. रोज सकाळी त्याला राम राम करायची आणि माझ्या दुकानातल्या माश्या धरायला यायची. मी चेष्टा करायचो, पण बोलायला तिला दुसरं होतंच कोण?

एकदा तो काडीला उलटा लटकला. समोर माशी फिरली तरी ढुंकून बघेना.

"मेला वाटते. हलवून पाहू?" मी म्हणालो.

"हात नोको लावू भाऊ! उपास हाय त्याचा."

तिनंही त्या दिवशी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काडीला नुसती कात, आणि शेजारी तो, पंखांसकट. उपास कसला, पण कोणी हात लावला नाही म्हणूनच जगला.

पुढं एकदा माशी टाकायला तिनं फडकं सोडलं, तसा तो काठावर आला आणि उडाला. हंसाबाई गुडघे विसरून मागं धावली. तो कुलूपबंद घरांवरून तुरीकडे गेला. ती मधेच थांबली. डोळे भरलेले.

"भाऊ, जोडलेले पाय सोडून देले त्यानं."

"उडाचं म्हटलं तर जोडून कसं चालन, हंसाबाई?"

मग तुरीकडे बघून तिनं स्वतःच हात जोडले, आणि घरातून फोन आणून माझ्यापुढं धरला. "बादलले लावून दे."

तिकडून "याडी, याडी" असं म्हणत बादल आईला हाका मारू लागला.

"बापू," हंसाबाई म्हणाली, "पोरीले घट्ट धरलं होतं ना तू ट्रकवर? लय चांगलं केलं."