पाचवी गाठ

सकाळचे साडेआठ झाले होते आणि मी पिठीला मांडीवर घेऊन ओटीवर बसले होते. पिठी म्हणजे आमची मांजर, कुळथाच्या पिठीच्या रंगाची. तिच्या पोटावर ऑपरेशनचे टाके होते आणि अंगात शेजारच्या गणूकाकांनी शिवलेलं जाकीट. रोज याच वेळी काका दोन घरांमधला बुटका दगडी गडगा ओलांडून यायचे, जाकिटाच्या गाठी सोडायचे, टाके बघायचे आणि पुन्हा बांधून जायचे. त्या दिवशी गडग्यापलीकडून काकींचा आवाज आला. त्यात शब्द नव्हते... बाबा धावले. मी मांजर धरून तशीच बसून राहिले. परसात तोंड धुवायला बसलेले काका उठलेच नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला हसवलं होतं. पाच आठवडे झाले, तरी हे दोन्ही खरं कसं, ते मला जुळवता येत नाही.

काका मांडवीचे. उभा जन्म मच्छीमारीत गेला. गुडघे दुखायला लागल्यावर बोट सोडली, पण ओटीवर बसून लोकांची जाळी सांधायचे आणि हौस म्हणून जेटीवर गरवायला जायचे. गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, कायम त्यांच्याजवळ असायची. मला ते लहानपणापासून ओळखत, पण आमचं बोलणं बेताचंच. "तुझं बोलणं पोस्टमनसारखं गो," ते म्हणायचे. "दारात टाकायचं नि पळायचं." मी हसायचे आणि खरंच आत पळायचे.

पिठीने गिळली ती गरी काकांची होती. एका दुपारी त्यांनी बांगड्याचा तुकडा लावून ती गडग्यावर ठेवली होती, एवढ्यात काकींनी चहाला हाक मारली. जाता जाता ते माझ्या खिडकीशी थांबले. "बाय, गरी ठेवलीय हां गडग्यावर. मांजरीवर लक्ष ठेव, आलोच." मी मान हलवली. मग ऑफिसचा कॉल सुरू झाला आणि मी खुर्ची फिरवली. पुन्हा पाहिलं तेव्हा पिठी गडग्यावर मान झटकत होती आणि तोंडातून नायलॉनचा दोरा लोंबत होता. मी धावत जाऊन दोरा पकडला. काकांनी मागून माझं मनगट धरलं. "ओढू नको! ओढलंस की आत रुतते."

एक्स-रेमध्ये पोटातली गरी स्पष्ट दिसली, कुणी पेनाने काढल्यासारखी. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. हे झालं कसं, असं बाबांनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "चूक माझी. गरी उघडी टाकून गेलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पिठीची रिकामी टोपली हातात धरून उभी होते.

टाके दहाव्या दिवशी काढायचे होते. तोवर तिला उडी मारू द्यायची नाही, टाके चाटू द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी दिलेली प्लॅस्टिकची कॉलर घालून ती भिंतीला धडकत राहिली आणि खाणंच सोडून बसली. दुसऱ्या दिवशी काका आपल्या जुन्या टी-शर्टची बाही कापून घेऊन आले. पायांसाठी चार भोकं, पाठीवर जाळ्याच्या दोऱ्याच्या पाच गाठी. "शिंप्याने एवढ्याचे किती घेतलेन असते?" काकींनी गडग्यावरून विचारलं. "शिंप्याला मांजर धरता येते काय?" हे काकांचं उत्तर. पहिले काही दिवस ते तिला मऊ पेज भरवत, सुई नसलेल्या सिरिंजने औषध देत. रोज सकाळी पहिला प्रश्न ठरलेला, "काय गो, चाटलान काय?" मग चष्मा चढवून टाके तपासायचे. सूज नाही, लाली नाही, पाणी येत नाही. "गाठी बऱ्या मारल्यान डॉक्टरने. पण अंतर सारखं नाही. जाळ्यात असं चालत नाही हो."

त्या आठ दिवसांत मी त्यांच्याशी जेवढं बोलले, तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत बोलले नव्हते. फक्त एकच गोष्ट राहिली. शाळेत आम्ही दिवसातून वीसदा सॉरी म्हणायचो, बाकाला पाय लागला तरी. काकांपुढे तेवढ्याने भागलं नसतं, आणि 'माझं चुकलं' असं मी कधी कुणाला म्हटलंच नव्हतं. टाके निघाले की सांगू, असं मी ठरवलं. पिठी बरी झालेली असेल, तेव्हा सोपं जाईल...

आठव्या संध्याकाळी त्यांनी मला गाठ सोडायला शिकवलं. मी ओढत होते आणि ती आवळत होती. "ओढू नको गो. ढकल. दोरा उलटा मागे ढकल, आपोआप सैल पडते." माझी नखं बघून म्हणाले, "ही बोटं लॅपटॉपची. माशाला भीती नाही." मला मोठ्याने हसू आलं. "उद्या तू सोडायची. मी नुसता बघणार," म्हणत ते गडगा ओलांडून गेले.

तेराव्यानंतर मी काकींकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. खिडकीशी काय झालं होतं, ते सगळं मी सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "मला बोलले होते ते," त्या म्हणाल्या. "पोरीला ऐकू गेलं नसेल म्हणाले. कानात ते फोनचं यंत्र असतं ना."

"कानात नव्हतं, काकी. गळ्यात होतं. मी मान हलवली होती."

त्यांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "मान हलवलीस, ते त्यांना दिसलं असणारच गो." आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. क्लिनिकमध्ये, पेज भरवताना, माझ्या नखांना हसताना... सगळा वेळ.

काका गेल्याच्या दुसऱ्या दिवशी टाके काढले होते. डॉक्टर जाकिटाला कात्री लावणार होते. मी "थांबा" म्हटलं, जरा मोठ्यानेच. एकेक गाठ ढकलत सोडवली. चार सुटल्या, तेवढ्यात पिठी स्वतःच अंग चोरून बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, "राहू दे आता, निघालं." जखम छान भरली होती.

जाकीट माझ्या टेबलावर आहे. पिठी रोज सकाळी गडग्यावर त्यांच्या दाराकडे तोंड करून बसते आणि आता मी खुर्ची फिरवत नाही. शेपटीकडची पाचवी गाठ अजून त्यांनी मारली तशीच आहे. ढकलली तर सुटेल, मला येतं ते.