फरशीखालची जोड

नळ जोडणारे डोणगावात बरेच आहेत, पण काँक्रीटखाली पाइप कुठं फुटलाय हे सांगणारा प्रेमानंद एकटाच. पद्धत साधी. घरातले पंखे बंद करायचे, घरच्यांना गप्प बसवायचं आणि स्टीलचा पेला फरशीवर पालथा ठेवून त्याच्या बुडाला कान लावायचा. काही ऐकू नाही आलं तर टाकीत रंग सोडायचा, आणि तो जिथं वर येईल तिथं पुन्हा पेला. जागा सापडली की एकच फरशी फोडायची, आणि फोडता फोडता भाषण ठोकायचं.

"फरशीखाली जोड म्हनजे अस्तनीतला निखारा, भाऊ! आपुन जिंदगीत फरशीखाली जोड टाकली नाही."

या एका वाक्यावर त्याला निम्मी कामं मिळत.

यंदा ऐन मे महिन्यात त्याच्याच घरी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, ओल आली. टाकी भरावी तर दुपारपर्यंत रिकामी. त्याची बायको धम्मशीला अंगणवाडीत शिकवते. नवऱ्याचं भाषण तिला मुलांच्या बडबडगीतांइतकंच पाठ. ती म्हणाली, "पेला आनू काय?"

"कूलरचं पानी हाय ते," प्रेमानंद म्हणाला आणि त्यानं कूलर बंद केला. घराची भट्टी झाली. ओल होती तिथंच.

"तू पोछा लय वला मारतं."

पोछा बंद झाला. ओल दोन फरश्या पुढं सरकली. मग मेहकरला तातडीचं काम आहे म्हणून गडी गाडीला किक मारून पसार झाला.

खरं कारण त्याच्या पोटात होतं. घर बांधताना टाकीकडून स्वयंपाकघरात जाणारा पाइप हातभर कमी पडला. मिस्त्री काँक्रीट कालवून खोळंबलेला, दुकान मेहकरला. प्रेमानंदनं इकडंतिकडं पाहिलं, तुकडा लावला, जोड टाकली आणि वरून मुरूम लोटला. कोणी पाहिलं नाही. आता तीच जोड सुटली, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि नेमकं आताच गावातले भगवानराव दुमजली घर बांधत होते. सगळ्या पाइपांचं काम ते प्रेमानंदला देणार होते, तेही त्या वाक्यावर भाळून. त्याच्याच घरात जोड गळते हे गावाला कळलं असतं, तर हातोडा विकून मोकळं व्हावं लागलं असतं.

काम पक्कं करायला भगवानराव रविवारी सकाळी आले. धम्मशीलेला जोडबिड काही ठाऊक नव्हती. ती फक्त उकाड्यानं पेटली होती. भीमजयंतीच्या निळ्या रंगाची एक पुडी उरली होती, ती तिनं पहाटेच टाकीत मोकळी केली.

माठातल्या पाण्याचा चहा झाला. भगवानराव दिवाणावर मांडी घालू लागले आणि थबकले. दोन्ही तळवे निळे!

"प्रेमानंद, हे काय बे?"

"कूलरचं पानी, भाऊ."

"तुहा कूलर निळं पानी सोडते काय?"

उंबऱ्यापाशी फरशांच्या सांध्यांतून निळ्या रेघा उमटल्या होत्या. धम्मशीला शांतपणे म्हणाली, "टाकीत रंग म्याच टाकला. ह्यायचीच पद्धत हाय."

आता सुटका नव्हती. बोभाटा होण्याआधी जोड काढून बदलावी, असं ठरवून प्रेमानंदनं छन्नी-हातोडा उचलला. पण तो उंबऱ्याकडं गेलाच नाही. भगवानरावांना उठवून त्यानं पलीकडच्या भिंतीपासचा दिवाण सरकवला आणि धाडधाड घाव घातले. फरशी गेली, काँक्रीट गेलं, मुरूम निघाला. मुरुमाची धूळ उडत होती. त्यानं बोटांनी जोड चाचपली आणि आनंदाच्या भरात ओरडला, "सुकी हाय! जोड सुकी हाय!"



"कोन्ती जोड?" भगवानरावांनी विचारलं.

"अन् निळं तिथं निघालं, तं इथं काऊन फोडलं?" धम्मशीला म्हणाली. "पेला बी नाही लावला!"

तिनं पेला घेतला, उंबऱ्यापाशी पालथा घातला, कान लावला. "इथं सुर्र वाजून राह्यलं. फोडा."

तिथं घुशीनं पाइप कुरतडला होता. एवढे दिवस जोडीची धास्ती घेऊन उकाड्यात शिजलो, आणि सारा कारभार घुशीचा! त्याला त्या घुशीचा इतका राग आला की विचारू नका. स्वतःचा तर त्याहून जास्त आला. पाइप बदलल्याबरोबर धम्मशीलेनं आधी कूलर लावला आणि पदरानं घाम पुसत त्याच्याच वाऱ्यात बसली.

भगवानराव हसून हसून लाल झाले होते, तळवे सोडून. "जोड तं लय पक्की हाय. पन जिंदगीत टाकली नाही म्हनत होता ना?"

"एकच हाय, भाऊ. पाइप कमी पडला होता."

भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"काम तुलेच देतो," ते म्हणाले. "पन पाइपावर काँक्रीट पडीन, त्या दिवशी तुही बायको तिथं पाह्यजे."

त्या दिवशी धम्मशीला अंगणवाडीतून सुट्टी घेऊन आली. भगवानरावांनी तिला सावलीत खुर्ची दिली. प्रेमानंदनं लागणार होते त्याच्या दुप्पट पाइप आणून ठेवले होते. मिस्त्रीनं घमेलं उचललं आणि त्याला विचारलं, "ओतू काय?"

प्रेमानंदनं खुर्चीकडं पाहिलं.