ढगांचे कागद

या जगात सरळ असं काही असू शकतं, यावर माझ्या मामेसासऱ्यांचा मुळीच विश्वास नाही. उभं आयुष्य त्यांनी गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांचे कागद तपासण्यात काढलं. कागदावर कांदे आणि ताडपत्रीखाली भलतंच, असं इतक्यांदा पाहिलं की निवृत्तीनंतरही त्यांची नजर ताडपत्रीखालीच जाते. दुधाची पिशवी असो, लग्नपत्रिका असो की माझ्यासारखा जावई, 'आत काय आहे?' हाच त्यांचा पहिला प्रश्न. पण त्यांचा खास डोळा आहे तो हवामानाच्या अंदाजावर.

तलासरीच्या घराच्या ओट्यावर बसून, मोबाइल हातभर लांब धरून ते रोज सकाळी अंदाज वाचतात. "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी? म्हणजे कुठे? असल्या पत्त्यावर मी एक गाडी सोडली नसती!" पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे तर त्यांना फारच झोंबतात. खरं सांगायचं असेल तर रंग कशाला हवेत, असं त्यांचं म्हणणं. मग ते स्वतः हायवेवर जातात आणि गुजरातकडून येऊन ढाब्यावर थांबलेल्या ट्रकांच्या ताडपत्र्या चाचपतात. ताडपत्री ओली लागली की ड्रायव्हरची उलटतपासणी सुरू. वापीला पाऊस आहे म्हणाला, तर "गाडी धुतलीस ना?" आणि नाही म्हणाला, तर "मग ओली कशी?" एकदा एका ड्रायव्हरने हात जोडले. "काका, तमारे वरसाद जोईए छे के नथी जोईतो? पाऊस हवा की नको ते सांगा, तसं बोलतो."

मागे एका मे महिन्यात कचेरीच्या कामासाठी मी डहाणूहून सकाळीच त्यांच्याकडे गेलो होतो. मामी माहेरी, नरपडला, निघाल्या होत्या. पावसाळ्याच्या बेगमीला भावाकडून सुके बोंबील आणायचे होते. अंदाज होता दिवसभर उष्ण आणि दमट, दुपारनंतर विजांसह वादळी वारे आणि मुसळधार पाऊस. मी म्हटलं, "मामी, आज राहू द्या."

मामा उसळले. "ऊन, वीज आणि पाऊस? एका गाडीत तीन माल? कागद बोगस आहेत. तू जा गं!" एवढ्यावर न थांबता त्यांनी मामींच्या पिशवीतून छत्री काढून घेतली.

"अहो, असू दे की. तिचं वजन ते काय?"

"वजनाचा प्रश्न नाही. छत्री नेलीस म्हणजे त्यांचं म्हणणं मान्य केलंस."

मामी माझ्याकडे बघून हसल्या आणि एसटीला गेल्या. त्या कधी वाद घालत नाहीत. नाक्यावरच्या माणसाशी संसार केलेल्या बाईला वाद परवडत नसावा.

दुपारपर्यंत नुसती काहिली होती आणि मामा विजयी मुद्रेने घाम पुसत होते. मग समुद्राकडून आभाळ काळं झालं. शेजारच्यांचा पत्रा उडाला, दिवे गेले, विजा अशा कडाडू लागल्या की बोलणं ऐकू येईना. मामींचा फोन लागत नव्हता. "रेंजची बनवाबनवी आहे सगळी," मामा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा लावला. मग पुन्हा एकदा.

"मी जरा ढग तपासून येतो," असं म्हणून ते छत्री घेऊन निघाले. मी पाठोपाठ.

किनाऱ्याकडचा रस्ता हायवेला मिळतो तिथे ते उभे राहिले आणि येईल ती गाडी हात करून थांबवू लागले. एक मासळीचा टेम्पो थांबला. मागून पाणी गळत होतं. एरवी ते पाणी बर्फाचं की पावसाचं, यावर अर्धा तास गेला असता. आज त्यांनी खिडकी घट्ट धरली. "नरपडकडची एसटी दिसली का रे?"

"घोलवडला झाड पडलंय काका, त्याच्या मागे उभी आहे. माणसं सगळी बरी हायेत. टेन्शन नका घेऊ."

मी उलट प्रश्नाची वाट बघत होतो. मामा म्हणाले, "बरं."

बऱ्याच वेळाने एसटी आली. बोंबलांची पिशवी सांभाळत मामी उतरल्या, कोरड्या ठणठणीत. समोर मामा नखशिखान्त भिजलेले आणि छातीशी मिटलेली छत्री.

"अहो, हातात छत्री आहे ना? उघडायची नाही का?"

"तुझी आहे ती," मामा म्हणाले आणि त्यांनी ती मामींच्या डोक्यावर उघडली.

अंदाजाचे कागद त्यांच्या लेखी अजूनही बोगसच आहेत. पण हल्ली निरभ्र आभाळाचाही त्यांना संशय येतो. "इतकं साफ? नक्की काहीतरी लपवतंय." मामींचे गुडघे आता साथ देत नाहीत, नरपडचा भाऊही राहिला नाही, त्यामुळे त्यांचं जाणं जवळजवळ थांबलंच आहे. तरी छत्री घातलेली त्यांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला कायम तयार असते. रोज सकाळी अंदाज वाचण्याआधी मामा ती बाहेरून चाचपतात. उघडून मात्र बघत नाहीत.