श्रीरंगला हवी असलेली भिंत

सातपूरच्या आमच्या खोलीत स्वयंपाकाच्या बाजूची भिंत मला कळायला लागल्यापासून काळीच होती. स्टोव्हच्या धुराने. शाळेचा गणवेश घातला की आई ओरडायची, "टेकू नको गं तिकडं, पाठ काळी होईल!" बाबा एका कारखान्यात हंगामी होते. काम असलं की रात्रपाळी, नसलं की घरी बसून राहणं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा ते कायम झाले आणि घरात गॅस आला. भिंत मात्र तशीच राहिली.

त्याच वर्षी कॉलेजच्या फिल्म मंडळात श्रीरंगशी गाठ पडली. समोरचा माणूस बोलायला लागला की तो दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायचा, एक डोळा मिटायचा आणि तिच्यातून बघत राहायचा. ऐकतोय की आपल्या नाकाचं माप घेतोय, कळायचं नाही. आमच्यापेक्षा एकच वर्ष पुढे होता. पण एका सुट्टीत मुंबईला कुठल्याशा मालिकेच्या सेटवर राहून आला होता, म्हणून मीटिंगमध्ये त्याला 'सर' म्हणायचं, हा त्याचाच नियम. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की सर परत श्रीरंग व्हायचे.

कॉलेजकडून स्पर्धेला एकच फिल्म जाणार होती आणि गोष्ट माझी होती. बाप रात्रपाळी करून दिवसा झोपतो, म्हणून सगळं घर दिवसभर खुणांनी बोलतं. मुलं भांडतात तीसुद्धा आवाज न करता. दिग्दर्शक अर्थातच श्रीरंग. कॅमेरा माझ्या वर्गातल्या सलीमचा, म्हणजे त्याच्या मामूंचा. ते लग्नांचं शूटिंग करायचे. त्यामुळे आमची तारीख ठरायची ती पंचांग बघून: मुहूर्त नसेल तो दिवस आपला. प्रत्येक शॉट आधी कागदावर काढायचा, हे श्रीरंगने शिकवलं. तेवढं मी नाकारत नाही.

बाकी सगळ्याला त्याचं एकच पालुपद होतं, "फील येत नाहीये." तिसऱ्या मीटिंगला म्हणाला, "बाप दारू पितो असं करू."

"का?"

"कामगाराचं घर आहे ना? रिअल वाटायला पाहिजे."

शूटिंग आमच्याच खोलीत होणार होतं. घर बघितल्यावर सुधारेल, असं वाटलं.

तो आणि सलीम खोली बघायला आले तो दिवस मी विसरणार नाही. कॅमेरा येणार म्हणून आईने आदल्या आठवड्यात अख्ख्या खोलीला गुलाबी ऑइलपेंट मारून घेतला होता. पोह्यांवर खोबरं जरा जास्तच पडलं होतं. श्रीरंग दारातच थबकला. बोटांची चौकट डोळ्याला लावून चारही भिंती फिरला आणि माझ्याकडे वळला.

"हे काय? तू तर काळी भिंत म्हणाली होतीस."

मग आईला म्हणाला, "मावशी, ही बाजू परत काळी करून मिळेल का? काजळीनेसुद्धा चालेल."

आई शांतपणे बशी पुसत होती. "काळीच होती की रे बाबा. इतकी वर्षं होती. तेव्हा का नाही आलास? फुकट दाखवली असती."

सलीमला ठसका लागला. श्रीरंगने पोहे अर्धे टाकले आणि मला बाहेर नळाजवळ बोलावलं.

"तुला आपल्याच लोकांची गरिबी दाखवायची लाज वाटते."

"माझा बाप पीत नाही, श्रीरंग."

"फिल्ममधला पितो."

"मग तुझ्या घरी कर शूटिंग. तुझ्या बापाला पाज!"

त्याचे कान लाल झाले. "माझ्याशिवाय तुम्हाला जमणार आहे का? एक लग्नाचा फोटोग्राफर आणि एक तू! चल सलीम, कॅमेऱ्याचं आपण दुसरीकडे बघू."

सलीम दारात चपला शोधत होता, तो थांबला. "कॅमेरा मामूने माझ्याकडे दिलाय, सर. आणि माझे पोहे राहिलेत अजून." एवढं बोलून तो आत जाऊन बसला. श्रीरंग एकटाच बसस्टॉपकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजभर सांगत सुटला की या मुलीने माझी फिल्म चोरली. माझ्या बापाची झोप म्हणे त्याची फिल्म! आजही तो समोर आला तर मी रस्ता बदलणार नाही, त्यानेच बदलावा.

फिल्म आम्ही केली. कारखान्याचा भोंगा उशाशी वाजला तरी न उठणारे बाबा कॅमेऱ्यासमोर काही केल्या झोपेनात. "एवढी माणसं बघत असताना झोपायचं कसं?" म्हणायचे. शेवटी ते खरोखरची रात्रपाळी करून आले आणि आडवे झाले, तेव्हा कुठे शॉट मिळाला. मागे गुलाबी भिंत लखलखत होती.

कॉलेजकडून तीच फिल्म स्पर्धेला गेली. बक्षीस मिळालं नाही. पण त्याआधी ती कॉलेजच्या सभागृहात दाखवली. आई-बाबा पहिल्यांदाच माझ्या कॉलेजात आले आणि पुढच्या रांगेत बसले. पडद्यावर लेखन आणि दिग्दर्शन, दोन्हींच्या खाली माझं एकटीचं नाव होतं.