वाघोबाला कळेल असं सांग

मी मुळातच तापट माणूस. भोसरीच्या कारखान्यात माझ्या शिफ्टला कुणी चकार शब्द काढत नसे. अशा मला एका ठाकर बाईनं चाळीस माणसांदेखत गप्प केलं, आणि ते सांगताना अजून मला आनंद होतो. त्या सोजराबाई. चाकणच्या मागच्या डोंगरावर त्यांचा तेरा घरांचा पाडा.

ऐंशी साली फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण होतं. आमच्या आकाशदर्शन मंडळाच्या आठ जणांनी ते बघायला हा डोंगर निवडला. जंगलखात्याचा परवाना खिशात, मी वर्कशॉपात बनवलेली दुर्बिणीची तिवई खांद्यावर, असे सकाळीच वर चढलो. आंब्याखाली आयता दगडी ओटा दिसला. त्यावर शेंदूर लावलेले चार दगड होते. मी म्हटलं, "वा, लेव्हल झकास आहे!" आणि एक दगड सरकवायला हात घातला.

"ए! हात काढ तितनं!"

सोजराबाई कोयता घेऊनच धावत आल्या. मागोमाग सगळा पाडा. मी परवाना पुढे केला.

"ह्यो कागद सायबाला दाखव. ह्या ओट्यावरल्या वाघोबाला कोन सांगनार? आमच्यात डोंगरावर कोनीबी आला, की पयला पाला वाहतो, नाव सांगतो, कशाला आलो ते सांगतो. मंग पानी पितो."

माझं डोकं सटकलं. "अहो बाई, आम्ही शास्त्राचं काम करतोय!"

"पल्याडच्या डोंगरावर बी कागदवालेच आलं व्हतं. तितला देव कुटं हाय आता? खडी केली त्याची. भोसरीच्या कारखान्यास्नी गेली." बाई ओट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्यो एकच ऱ्हायलाय. ह्याला न्हाई जाऊ देनार मी."

भोसरीच्या! म्हणजे मी रोज ज्या जमिनीवर उभा राहून गुरगुरतो, तिच्याखाली? लाज वाटली हो, सपशेल लाज वाटली. गुमान पाला तोडून आणला नि ओट्यावर ठेवला.

"मी प्रभाकर, चिंचवडचा. ग्रहण बघायला आलोय."

"बघून काय करनार?"

आता आली का पंचाईत! मी सूर्याचा व्यास, चंद्राची कक्षा वगैरे सुरू केलं. बाईंनी हात वर केला. "वाघोबाला कळंल असं सांग."

शेवटी मातीत तीन खडे मांडून सूर्य, चंद्र आणि आपण कसे एका रेषेत येतो ते दाखवलं. पाड्यातल्यांनी शंका काढल्या, मी घामाघूम झालो. मग बाकीच्या सात जणांनीही पाला वाहिला. तेव्हा कुठे बाई म्हणाल्या, "मांडा. पन त्या खडकाआड. दुपारी वारा सुटतो, तुमचं यंत्र थरथरंल."

तीनच्या सुमाराला वारा सुटलाच, पण खडकाआड दुर्बीण ढिम्म हलली नाही. आम्ही तिच्यातून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडला होता, तो हळूहळू कोरीएवढा होत गेला. ग्रहणात बाहेर पडायचं नाही म्हणून पाडा घरात बसलेला. सोजराबाई मात्र देवाच्या राखणीला आंब्याखाली.

"अरं, हिकडं या की!"

धावत गेलो. आंब्याच्या पानांच्या फटींतून ऊन पडत होतं, आणि उन्हाचा एकेक कवडसा म्हणजे सूर्याची कोर! शेंदराच्या दगडांवर शेकडो कोरी हलत होत्या.

"तुमच्या दुर्बिनीबिगार बघतोय त्यो!" बाई खदखदून हसल्या आणि त्यांनी पाड्याला हाळी दिली. एकेक करत सगळे बाहेर आले, हातांवर कोरी झेलत नाचले. मीसुद्धा नाचलो.

वर्षभरात खडीचा ठेकेदार आला. हातात कागद, बरोबर सुरुंगवाले. तो येणार असा पाड्याचा निरोप आदल्या दिवशीच आला होता, तसे आम्ही आठही जण ओव्हरटाइम सोडून पोचलो. बाईंनी ठेकेदाराच्या हातात पाला दिला. "नाव सांग. कशाला आलास ते सांग."

त्यानं नाव सांगितलं. पुढे हातातला कागद वाचायला लागला.

"वाघोबाला कळेल असं सांगा," मी म्हणालो.

चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो पाला टाकून खाली उतरला. आमचा अर्ज, पाड्याचे अंगठे, कचेरीच्या आठ खेपा, एवढं झालं आणि खाणीचा परवाना रद्द झाला. तो कागद घेऊन मी धापा टाकत वर गेलो.

"मला काय दावतोस, प्रभाकरदादा?" बाईंनी डोळे पुसले. "त्याला सांग."

मी पाला तोडला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.