वेशीवर आईला विचारा

शुक्रवारची दुपार आहे. मी आरामखुर्चीत रागावून पडलो आहे आणि रागातच माझे डोळे मिटत चालले आहेत. आत मिलका, माझी बायको, शब्बाथसाठी, आम्हा ज्यूंच्या शनिवारच्या सुट्टीसाठी, नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण करते आहे. पळीचा आवाज जवळ येतो, लांब जातो. पलीकडच्या खोलीत जोएल, आमचा मुलगा, बॅग भरतो आहे. पाचच्या एसटीनं तो मुंबईला परत निघणार आहे. उद्या माझ्या वडिलांच्या वर्षाचा कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना आहे, आणि कद्दीश म्हणायला दहा पुरुष लागतात. आमच्या इस्राएल आळीत आता नऊच उरलेत. दहावा बॅग भरतो आहे.

भांडण झालं ते उद्याच्या पाठावरून. दर शनिवारी सेफर, म्हणजे चामड्यावर लिहिलेली आमची पवित्र गुंडाळी, कपाटातून बाहेर काढतात. तेव्हा सगळे उभे राहतात आणि मग त्या आठवड्याचा भाग वाचला जातो. उद्याच्या भागात एक कायदा आहे. मुलगा हट्टी आणि बंडखोर निघाला, आईबापांचं ऐकेनासा झाला, तर त्यांनी त्याला धरून वेशीवर न्यावं आणि गावानं त्याला दगडांनी मारावं. वाचायची पाळी माझी आहे.

जोएल म्हणाला, "ज्यात हे लिहिलंय त्याच्यासमोर मी उभा राहणार नाही, पप्पा. तुम्हीही राहू नये." मी म्हणालो, आजोबांच्या कद्दीशसाठी तरी थांब. तो म्हणाला, "आजोबांसाठी थांबेन, पण दगडांसाठी उभा राहणार नाही. दोन्ही एकदमच मागताय तुम्ही." त्यानंतर मी जे बोललो ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. मेल्यावर माझा कद्दीशही म्हणू नकोस, हे त्यातलं शेवटचं वाक्य.

खुर्ची करकरते. मी हललेलो नाही, तरी पुन्हा करकरते. मग कळतं की ती खुर्ची नाही, घाणा आहे.

आमचा तेलाचा घाणा मी लहान असतानाच बंद पडला. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पण आत्ता तिथे घाणाच आहे, तिळाच्या तेलाचा वास आहे, आणि बैलामागून बाबा चालतायत. अंगात तीच बंडी आहे, फक्त बटणं नीट लागलेली आहेत. शेवटच्या दिवसांत त्यांना ती लावता येत नव्हती, मी लावायचो. मला एकदम भरून येतं.

"बाबा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो तर खरं. म्हणून काय घाणा थांबवायचा?" ते न थांबता म्हणतात. "ये, चाल माझ्यासंगं. उभा राहून बोलणारा माणूस मला आवडत नाय."

मी चालू लागतो. बैलाच्या डोळ्यांवर झापडं आहेत. आम्ही त्याच्यामागून गोल फिरतो आणि मी तक्रार सुरू करतो. लहानपणी करायचो तशीच, नाक ओढत. जोएल असं म्हणाला, जोएल तसं म्हणाला.

"पोरगा खोटं काय बोलला?" बाबा विचारतात.

"तुम्हीसुद्धा?"

"दगड लिवलेत का नाय लिवलेत?"

"लिहिलेत."

"मग?"

बाबा बैलाच्या पाठीवर हात ठेवतात. "त्याच पाठात थोडं खाली ये. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको, असं लिवलंय. खळ्यावर राबतो तर त्याला चार दाणे खाऊ दे. त्याच शाईनं लिवलंय, त्याच चामड्यावर. मी वाचायचो तेव्हा दगडांपाशी माझा घसा बसायचा आणि बैलापाशी मोकळा व्हायचा. दरवर्षी."

हे खरं आहे. बाबा त्या ओळीला खोकायचे. आम्हा पोरांना वाटायचं की त्यांना पाणी हवंय.

"आपल्याला लोक शनिवार तेली का म्हणायचे?" बाबा विचारतात.

"शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून."

"आणि त्या दिवशी ह्याची झापडं काढायचो. दिवसभर नुसता बघत बसायचा, गरीब. तो हुकूमपण तिथलाच. आणि शनिवारी काम करील त्याला मारून टाका, हापण तिथलाच. आता सांग, तुझ्या पोराला काय सांगू? चामडं अर्धं फाडू?"

"जोएल म्हणेल, बैलाची दया यायला चामड्याची काय गरज आहे."

"बरोबर म्हणेल," बाबा म्हणतात. "हुशार हाय. पण मला गरज पडली. मी काय एवढा चांगला माणूस नव्हतो. हंगामाच्या दिवसांत शनिवारीपण घाणा चालवावा असं कितीदा मनात आलं. त्या हुकमानंच हात धरला माझा."

आम्ही अजून गोलच फिरतो आहोत, पण पायाखाली आता फरशी आहे. बाबा आमच्या प्रार्थनालयातल्या मधल्या चौथऱ्याभोवती चालतायत. बैलही आहे. त्याचं तिथे असणं कुणालाच खटकत नाही. चौथऱ्यावर सेफर उघडी आहे आणि मी ती ओळ शोधतो. माझ्या हातात ब्लेड आहे.

"खरवडू का?" मी विचारतो. "एवढीच ओळ."

"एक अक्षर गेलं तरी अख्खी सेफर बाद होते. तुला ठाऊक आहे."

"मग होऊ दे बाद."

"आणि उद्या तुझी नातवंडं म्हणतील, आमच्या लोकांनी असलं कधी लिवलंच नव्हतं, आम्ही पहिल्यापासून देवमाणसं." बाबा हसतात. "ऱ्हाऊ दे ती ओळ. वाचताना लाज वाटू दे. ज्याची लाज वाटते ते आपलंच असतं, शमू. दुसऱ्याच्या पोथीची कुणाला लाज वाटते?"

"लाज वाटते त्याला मान कसा द्यायचा?"

"माझा थोरला भाऊ तुला आठवतो? वहिनीवर हात उगारायचा. तो घरात आला की मी उठून उभा राहायचो, मोठा भाऊ म्हणून. आणि त्याचा हात वर गेला की तसाच मधे जाऊन उभा राहायचो. उठणं तेच होतं."

मला हे पुरेसं वाटत नाही. मी तसं म्हणतो. बाबाही मान हलवतात, जणू त्यांनाही ते कधी पुरेसं वाटलं नव्हतं. "चल," ते म्हणतात, "तुझं काम राहिलंय."

प्रार्थनालयाचं दार एसटी स्टँडवर उघडतं. जुनी वेस इथेच होती असं म्हणतात. बाकावर आळीतले म्हातारे बसलेत, सगळे कधीच वारलेले. कुणाच्या मांडीवर छत्री, कुणाच्या हातात तपकिरीची डबी. माझ्या डाव्या हातात जोएलचं मनगट आहे. तो लहानही आहे आणि मोठाही, आणि खांद्याला बॅग आहे.

"काय तक्रार?" एक म्हातारा विचारतो.

"हा आमचं ऐकत नाही," मी म्हणतो. शब्द पाठ असल्यासारखे बाहेर येतात.

"आमचं म्हणजे कुणाकुणाचं? आईला बोलवा. दोघांनी एका आवाजात सांगावं लागतं."

मिलका रस्ता ओलांडून येते. हातात कालवणाचं पातेलं, पदरानं धरलेलं. म्हातारे तिला विचारतात. ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "हा सकाळपासून जेवला नाहीये," ती म्हणते. "आधी त्याला जेवू द्या, मग काय ते करा."

म्हातारे एकमेकांकडे बघतात. डबीवाला डबी बंद करतो. "आवाज एक नाही," तो म्हणतो. "खटला होत नाही. उठा."

ते इतक्या सवयीनं उठतात की मला कळतं, हे पहिल्यांदा घडत नाहीये. बाबा माझ्या कानाशी म्हणतात, "जुने लोक असंच करीत आले. ओळ नाय पुसली. वेशीवर आईला विचारा म्हणाले. कुठली आई हो म्हणणार? ओळ राहिली, पोरं पण राहिली."

"पण कायदा वाईटच होता ना, बाबा?"

"वाईटच. म्हणून तर एवढी खटपट." ते रिकाम्या बाकाकडे हात करतात. "जे भांडले ना त्याच्याशी, ते त्याच्यासमोर उभे राहूनच भांडले. बाहेर जाऊन नाय. पण तुझ्या पोराला आत कुणी बोलू दिलंय का अजून?"

एसटी येते आणि बैल वाट सोडून बाजूला होतो.

"आणि उजव्या हातात काय धरलंयस?" बाबा विचारतात.

मी बघतो. मूठ गच्च मिटलेली आहे आणि आत काहीतरी जड, गरम आहे. मला ते कधी उचललं हे आठवत नाही. कद्दीशबद्दलचं ते वाक्य आठवतं. मी मूठ उघडायला जातो तर बोटं ऐकत नाहीत.

"बाबा, उघडत नाहीये."

बाबा माझा हात दोन्ही हातांत घेतात. तेलकट, उबदार हात. "म्हातारे गेले शमू, खटला संपला. तू एकटाच उभा आहेस बघ," ते म्हणतात, आणि एकेक बोट सोडवू लागतात.

खुर्ची करकरते. ऊन भिंतीवरून खाली उतरलं आहे. आत मिलका कुणाला तरी थोडं खाऊन जा म्हणून सांगते आहे. माझी उजवी मूठ छातीवर मिटलेली आहे. मी ती डाव्या हातानं उघडतो. दगड नाही. तळव्यात माझ्याच नखांच्या खोल, लाल खुणा उमटल्यात. एका ठिकाणी रक्तही आलं आहे.

जोएल दारात उभा आहे, बॅग खांद्याला. "निघतो," तो म्हणतो, माझ्याकडे न बघता.

"उद्या ती ओळ आली की मी थांबेन," मी म्हणतो. माझा घसा बसलेला आहे. "सेफर उघडी असतानाच तुला जे म्हणायचंय ते सगळ्यांसमोर म्हण. उभा राहून म्हण, बसून म्हण. मी पुढे वाचणार नाही तोवर. आणि मघाशी मी जे बोललो ते चुकलं."

मग त्याची नजर खाली जाते.

"हाताला काय झालं?"

"बघ की."

तो बॅगेसकट खाली गुडघ्यावर बसतो आणि माझा हात उजेडाकडे वळवतो. रस्त्यावर पाचची एसटी थांबल्याचा आवाज येतो, कंडक्टरची घंटी वाजते, आणि गाडी निघाल्याचाही आवाज येतो. माझा हात अजून त्याच्याच हातात आहे.