गुरुवारची लाईट

पुण्यात गुरुवारी लाईट गेली की कुणी दचकत नाही. दुरुस्तीची कामं गुरुवारी करायची, हे आमच्या अंगवळणी पडलंय. बायका बुधवारीच चटण्या वाटून ठेवतात, सकाळी लवकर वरची टाकी भरून घेतात, आणि पंखा थांबला की हातातल्या वर्तमानपत्रानेच वारा घेतात. कोथरूडला राहायला आल्यापासून मीही हेच करत आले. पण ह्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि तेव्हापासून गुरुवार उजाडला की माझं लक्ष पंख्याकडे लागलेलं असतं.

मशीन विजेवर चालतं. आमच्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. म्हणून पलंगाशेजारी एक छोटं सिलिंडर असतं. लाईट गेली की नळी त्याला जोडायची. एरवी ते पुरतं, कारण लाईट किती वेळ जाणार हे आदल्या दिवशीच सोसायटीच्या ग्रुपवर येतं. मी दुसरं सिलिंडर आणून ठेवायचं की नाही ते त्यावरून ठरवते.

त्या गुरुवारी निरोप आलाच नव्हता. सकाळी ह्यांना चहा देताना मी म्हटलंसुद्धा, "आज तुमच्या सिलिंडरला सुट्टी." हे हसले. बोलताना दम लागतो, म्हणून आताशा ते हसण्यावरच भागवतात. पहिली पोळी तव्यावर टाकली आणि मशीन किंचाळायला लागलं. लाईट गेली की ते असंच ओरडतं.

मी धावत जाऊन नळी बदलली आणि ग्रुपवर विचारलं, "लाईट कशामुळे गेलीय?" तळमजल्यावरच्या काकांचं उत्तर लगेच आलं, "आज वार कोणता?" त्याखाली भराभर हसरे चेहरे. पुण्यात प्रश्न विचारायचा तर अपमानाची तयारी ठेवूनच विचारावा. मी फोन उपडा घातला.

सिलिंडरच्या काट्याकडे बघायचं नाही असं ठरवून पोळ्या लाटत राहिले, आणि प्रत्येक पोळीनंतर बघून आले. काटा खालीच येत होता. सिलिंडरवाल्याला फोन केला, तर "दुपार होईल, ताई." दवाखान्यात न्यावं म्हटलं तर लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावरून ह्यांना उतरवणार कोण, आणि उतरेपर्यंत हे टिकतील का? हे मात्र शांतपणे, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "अगं, येईल. गुरुवार आहे." म्हणजे हेही त्यातलेच! श्वास ह्यांचा संपत आलेला, आणि समजूत माझी काढतायत. मला राग आला आणि रडूही आलं. ते दिसू नये म्हणून गॅलरीत गेले.

तिथे शेजारच्या सोसायटीतून मिक्सरचा आवाज येत होता. आधी मला त्याचं काहीच वाटलं नाही. मग वाटलं, गुरुवारी मिक्सर? त्यांची आणि आमची लाईट कायम एकदमच जाते. समोरच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना मी जोरात हाक मारली, "अहो, लाईट आहे तुमच्याकडे?"

"आहे की! गेली कुठे होती?"

तक्रारीचा नंबर लागायला वेळ लागला. तिकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमच्या भागात आज काम नाहीये. तुमच्या बिल्डिंगमधून एकही कंप्लेंट नाही." सगळी इमारत दारं-खिडक्या उघडून गुरुवार पाळत बसली होती, आणि ज्यांनी लाईट आणायची त्यांना ती गेल्याचा पत्ताच नव्हता. मशीन, सिलिंडर, काटा, सगळं मी एका दमात सांगितलं. तिने माणसं पाठवते म्हटलं. मी ह्यांचा हात धरून बसले. काटा लाल पट्ट्यात शिरला, तसं ह्यांनीही बोलणं सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

दोघं वायरमन आले. फाटकाजवळच्या पेटीतला आमचा फ्यूज उडाला होता. आपल्याला चहा करायला लागतो तेवढ्या वेळात त्यांनी तो बसवला. मशीन सुरू झालं, मी नळी परत जोडली, आणि ह्यांच्या ओठांवर रंग येईपर्यंत तिथून हलले नाही.

नंतर वायरमनना पाणी द्यायला खाली गेले, तर तळमजल्यावरचे काका दारातच उभे होते. समाधानाने म्हणाले, "बघा, आली की नाही? आज तर लवकरच आली. उगाच घाबरता हो तुम्ही!" एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी वायरमनना पाणी देऊन तशीच वर ह्यांच्याजवळ आले.

पुढच्या गुरुवारी लाईट गेली. निरोप आला होता, वेळ कळवलेली होती, दुसरं सिलिंडरही घरात होतं. तरी नळी बदलल्याबरोबर मी गॅलरीत गेले आणि समोरच्या बाईंना हाक मारली.

"गेली हो, आमचीही गेली!" त्या वैतागून म्हणाल्या.

दुसऱ्याच्या घरची लाईट गेली म्हणून इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.